स्थळासाठी काढलेला फोटो

सिस्टरनं फोटो हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि परत माझ्या हातात दिला. म्हणाली, "हा फोटो मी बघितलाय. परवा एक बाई घेऊन आल्या होत्या. मीच त्यांना सांगितलं, असा कोणी आमच्याकडं नाही." तोवर मी चादर वर करून बघितली होती. खंडूदादाच होता. डोक्याला पट्टी, तोंडाची एक बाजू सुजून काळीनिळी झालेली, पण दुसरी बाजू होती तशीच होती, कपाळापासून हनुवटीपर्यंत देवीच्या व्रणांनी भरलेली. सिस्टरनं त्या गालाकडं बघितलं, मग फोटोकडं, मग पुन्हा गालाकडं. फोटोतल्या माणसाच्या चेहऱ्यावर एक डाग नव्हता. "पहाटे गेला," ती म्हणाली. "तुझा कोण?" मी म्हटलं, भाऊ. तिनं विचारलं, मग हा फोटो कोणाचा? मी म्हटलं, ह्याचाच. तो मी केलाय.

तेव्हा आम्ही उस्मानपुऱ्यात दोन पत्र्याच्या खोल्यांत राहायचो. गावाला औरंगाबादच म्हणत, म्हणून मीही इथं तेच लिहिते. आम्ही खुलताबादच्या बाजूचे मेंढरंवाले. बानं मेंढरं विकली आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यावर रात्रीचा वॉचमन झाला. मेंढरं गेली तरी दिवसा झोपला की झोपेत मधेच तोंडानं हुर्रर्र करायचा, आणि माय चुलीपुढून म्हणायची, "आली वो आली, समदी आली, झोपा आता." तिच्या आवाजात थट्टा असायची, पण तिनं त्याला कधी हलवून जागं केलं नाही. सकाळी स्टेशनकडच्या कारखान्याचा भोंगा झाला की दादाची घाई सुरू व्हायची. दादाही चिकलठाण्यालाच होता, पण दुसऱ्या कारखान्यात, मशिनवर. माय त्याला ज्वारीच्या चार भाकरी बांधून द्यायची, वर अंबाडीची भाजी किंवा पिठलं, आणि लसणाचा ठेचा कागदात वेगळा. दोन भाकरी त्याच्या आणि दोन सुदामच्या. सुदाम त्याच्या शेजारच्या मशिनवर होता, एकटाच खोली करून राहायचा, त्याची आई गावाकडं. तो जातीनं महार, म्हणजे आता बौद्ध. दोघं एका सायकलवर जायचे. दादा पायडल मारायचा आणि सुदाम मागं बसून बोलायचा, असं दादाच सांगायचा. रविवारी सुदाम आमच्याकडं यायचा आणि ओट्यावर बसायचा. त्याच्या चहाचा कप वेगळा होता, कोनाड्यात ठेवलेला, आणि तो मी वेगळा धुवायचे. भाकरी चालत होती कारण ती कारखान्यात खाल्ली जायची, डोळ्याआड. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं होतं, म्हणून लिहिते.

मी चौथीनंतर शाळा सोडली. माय करीमचाचांच्या घरी भांडी घासायची, तिच्याबरोबर जाता जाता मी त्यांच्या फोटो स्टुडिओत झाडू मारायला लागले, आणि तिथून कधी टेबलावर बसले ते मला आठवत नाही. चाचांना मुलगी नव्हती. त्यांचे डोळे कमी झाले होते आणि माझा हात स्थिर होता, एवढंच कारण. त्या काळी फोटो काढणं हे निम्मं काम, निम्मं काम फोटो काढल्यावरचं. निगेटिव्ह काचेच्या तिरक्या फळीवर ठेवायची, खालून आरशानं उजेड पाडायचा आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं चेहऱ्यावरचा एकेक खड्डा भरायचा. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. माणसाच्या तोंडावर जो काळा डाग, तो तिथं पांढरं भोक. ते भोक भरलं की कागदावर डाग येत नाही. टोक घासायला पॉलिश पेपर, आणि काम करताना श्वास धरायचा. मी सकाळभर श्वास धरून बसायचे. पण पेन्सिल कितीही बारीक असली तरी मोठा फोटो केला की रेघा दिसतात. त्यावर चाचांनी कापडाची युक्ती शिकवली. लाकडी चौकटीवर मलमल ताणून बसवायची, अंधाऱ्या खोलीत फोटोच्या कागदावर ती चौकट ठेवायची आणि वरून उजेड सोडायचा. निम्मा वेळ कापड ठेवून, निम्मा वेळ काढून. कागद धुतला की सगळ्या फोटोवर कापडाचा बारीक पोत येतो, जणू चित्र कापडावरच काढलंय. लोकांना तो फार आवडायचा. पोताखाली पेन्सिल झाकली जायची, आणि पेन्सिलीखाली माणूस.

परवा माझी नात हेच काम कॉम्प्युटरवर करत बसली होती. तिच्याकडं पोतांचा ढीग आहे, कापडाचा, जुन्या कागदाचा, भिंतीचा, गंजलेल्या पत्र्याचा. फोटोवर एक पोत ठेवते, एक दांडी सरकवते, पोत गडद होतो, फिका होतो. नको असला तर उचलून टाकते आणि खाली फोटो होता तसा. मी तिला म्हटलं, पुन्हा काढून दाखव. तिनं काढून दाखवला. पुन्हा ठेव म्हटलं, तर ती हसायला लागली, म्हणाली, आज्जी, तुला मजा वाटते का? मी म्हटलं, नाही. आमच्याकडं कागद धुतला की धुतला. त्याच्यावर ठेवलेलं परत उचलता येत नव्हतं.

दादाला स्थळं बघत होते. पगार होता, व्यसन नव्हतं, सायकल होती. पण देवी त्याला तिसऱ्या वर्षी आल्या होत्या आणि चेहरा सोलून गेल्या होत्या. कन्नडच्या बाजूची एक मुलगी बघायला गेलो तेव्हा तिची आत्या दारातच म्हणाली, "पोराला चाळणीवर पालथं झोपवलं व्हतं का काय?" सगळे हसले, दादाही हसला. घरी येताना एसटीत तो खिडकीकडं तोंड करून बसला आणि रात्री जेवला नाही. दुसऱ्या एका घरानं निरोपच पाठवला, की पोरगी भ्याली. मायच्या मनात ते बसलं. ती मला म्हणाली, "तू दुनियेची तोंडं साफ करतीस, आपल्या घरातलं तेवढं राहिलं." मी म्हटलं, फोटोनं काय होणार, माणूस समोर आल्यावर दिसणारच. माय म्हणाली, "एकदा पावणे घरात आले का तोंड बघत नाय कोणी, माणूस बघतात. घरात तर येऊ दे." तिचं म्हणणं मला पटलं. आताही पटतं. लग्नं तशीच जमत होती.

दादाला चाचांनी खुर्चीत बसवलं, त्यांचाच कोट घातला. तो इतका ताठ बसला की चाचा म्हणाले, "मियाँ, फोटो काढतोय, सुई नै टोचतोय." ते तसंच बोलायचे, निम्मं मराठी, निम्मं दख्खनी. त्या निगेटिव्हवर मी सहा दिवस बसले. इतकं काम मी कोणाच्याच तोंडावर केलं नव्हतं. एकेक व्रण मला पाठ होता. मी ते सगळे भरले. नाकाच्या शेंड्यावर एक खोल होता, तो भरताना पेन्सिल जास्त लागली, म्हणून मलमल दुहेरी घेतली. कागद पाण्यातून वर आला तेव्हा मला माझंच कौतुक वाटलं. चाचांनी चष्मा पुसून बघितलं. "हात अच्छा है तेरा, छोकरी," ते म्हणाले. "मगर इत्ता साफ नक्को कर. आदमी पैचानने में आना." मी म्हटलं, चाचा, पैचानायला नाही, पसंत करायला आहे. दादानं तो फोटो घरी दोन्ही हातांत धरला, लांब नेला, जवळ आणला. मग मला म्हणाला, "कोण गं हा? याचं लगीन होईल बघ. माझं काय?" माय म्हणाली, मेल्या, गप बस. पण तिचा चेहरा फुलला होता.

पुढचे काही महिने माय तो फोटो रुमालात गुंडाळून पोलक्यात घालून फिरायची. कोणाच्या लग्नात, कोणाच्या बारशात, बाजारात ओळखीची बाई भेटली की फोटो बाहेर. आणि फोटोबरोबर बोलणं ठरलेलं. नोकरी पक्की हाय, पाच पोरांत नाय, एकुलता हाय, चेहरा साफ हाय. हे ती इतक्या वेळा बोलली की मला झोपेतही ऐकू यायचं. पहिल्यांदा चेहरा साफ म्हणताना ती माझ्याकडं चोरून बघायची. नंतर बघेनाशी झाली. दादा समोर बसलेला असताना ती हे बोलायची, आणि तो भाकरी मोडत ऐकायचा.

मग विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला आणि गावाचं वारं बदललं. बाबासाहेबांचं नाव द्यायचं का नाही, यावर माणसं भांडत होती असं म्हणतात. मला दिसलं ते असं, की रोजचं बोलणं बंद झालं. नळावरच्या बायका आधी आपापल्या रांगा बघून घ्यायला लागल्या. खेड्यांतून बातम्या यायच्या, वस्त्या जाळल्याच्या. बानं दादाला सांगितलं, काही दिवस सुदामला मागं बसवू नको. दादा म्हणाला, "सायकल माझी हाय." बस, तेवढंच. तो फार बोलणारा नव्हता.

ज्या दिवशी शहरात पेटलं, त्या दिवशी दुपारी मी स्टुडिओत होते. चाचांनी बाहेरून आरडाओरडा ऐकला, शटर ओढलं आणि मला मागच्या गल्लीनं त्यांच्या घरी नेलं. नंतर कर्फ्यू लागला. मी पोरगी, मला एकटीला कसं सोडणार, म्हणून चाचींनी ठेवून घेतलं आणि दूधवाल्याकडून मायला निरोप पाठवला की काशी सुखरूप आहे. मी तिथं तीन रात्री राहिले. खरं सांगते, मी तिथं मजेत होते. त्यांच्या दोघी सुनांबरोबर गच्चीवर बसायचं, पत्ते खेळायचे, रस्त्यावर एक कुत्रं चाललं तरी त्याच्या नखांचा आवाज ऐकू यायचा इतकं शांत. चाचींनी नान आणि खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा, केला होता. मी माळकरी नव्हते, पण मायला कळलं असतं तर तिनं चुलीला हात लावू दिला नसता, म्हणून जास्तच गोड लागला. बोटं चाटून खाल्लं. त्या जेवणाचा वास मला अजून सहन होत नाही, पण त्यात त्या बाईचा काही दोष नाही.

दादा त्या दिवशी पाळी सुटून घरी आला नव्हता. बाच्या जागी दिवसाचा वॉचमन आलाच नव्हता, म्हणून तो सकाळपासून कारखान्याच्या फाटकातच अडकला होता. घरात माय एकटी. दुसऱ्या दिवशी दूध-किराणा आणायला बायकांना दोन तास सोडलं, तेव्हा ती फोटो घेऊन निघाली. पोलीस चौकीवर गेली, तिथून मोठ्या दवाखान्यात, तिथून छावणीच्या बाजूला एक धर्मादाय दवाखाना होता, तिथं. क्रांती चौकातून अनवाणी गेली, कारण चप्पल कुठं तुटली ते तिला कळलंच नाही. चौथ्या दिवशी सकाळी कर्फ्यू सैल झाल्यावर चाचांनी मला घरी आणून सोडलं तेव्हा ती उंबऱ्यात बसली होती, तळपायाला फडकी बांधून. तिनं सगळं सांगितलं. कुठंच नाही म्हणाली. मी सहज विचारलं, फोटो दाखवलास ना? व्हय म्हणाली. मग म्हटलं, व्रणांचं सांगितलंस ना?

"त्या छावणीकडच्या सिस्टरनं इचारलं," ती म्हणाली. "चेहऱ्यावर काय खूण हाय का म्हणून."

"मग?"

"मी म्हणले, चेहरा साफ हाय."

ते बोलून झाल्यावर तिचा हात तोंडावर गेला. आपण काय बोललो ते तिला त्या क्षणी कळलं, दोन दिवसांनी, माझ्यासमोर. तिनं खोटं सांगायचं म्हणून सांगितलं नव्हतं. फोटो बाहेर आला की तोंडातून तेच निघायचं. मी तिच्या हातातून फोटो ओढला आणि पळत सुटले. चाचा मागून हाका मारत होते. पुढचं मी लिहिलंच आहे.

सिस्टर वाईट नव्हती. तिनं मला खुर्ची दिली आणि सगळं नीट सांगितलं. त्याला कोणीतरी हातगाडीवर घालून आणून सोडलं होतं. खिशात काही नव्हतं, कारखान्याचा पास डब्याच्या पिशवीत असायचा आणि पिशवी नव्हती. शुद्ध अशी आलीच नाही, पण दुसऱ्या दिवशी डोळे उघडत होता, हातात हात दिला तर दाबत होता. डॉक्टरांना त्याला मोठ्या दवाखान्यात हलवायचं होतं, डोक्याचं ऑपरेशन करायला. घरच्यांची सही नव्हती, रक्त द्यायला कोणी नव्हतं आणि कर्फ्यूत गाडी मिळेना. म्हणून ते घरच्यांची वाट बघत होते. माय जिथं उभी होती ती पडवी तिनं मला दाखवली. तिथून दादाची खाट दहा पावलं. मधे एक हिरवा पडदा. "आत पुरुषांचा वॉर्ड," सिस्टर म्हणाली, "सगळ्यांना सोडलं तर चालत नाही. फोटो बघितला, खूण विचारली. आमच्या माणसाच्या तर तोंडभर व्रण." मी डॉक्टरांना विचारलं, परवा कळलं असतं तर वाचला असता का? ते म्हणाले, सांगता येत नाही. मी त्यानंतर आयुष्यात बऱ्याच डॉक्टरांना असं मधेच विचारून बघितलं, डोक्याला असा मार लागला तर माणूस वाचतो का. कोणी व्हय म्हणतं, कोणी नाय.

मायनं मला कधी बोल लावला नाही. मीही तिला लावला नाही. दोघींनी मिळून केलेलं काम होतं. बाला आम्ही सांगितलंच नाही की माय तिथं जाऊन आली होती. तो मरेपर्यंत समजत होता की पोरगा सापडला तेव्हाच सापडला. तेराव्याला फोटो लागणार होता. चाचा म्हणाले, निगेटिव्हवरची पेन्सिल टर्पेंटाइननं पुसता येते, मी कापड न लावता होता तसा छापून देतो. त्यांनी तो छापलाही, आणि तो खरा दादा होता, कोटात अवघडून बसलेला. मी घरी नेला. मायनं बघितला आणि उलटा करून ठेवला. म्हणाली, "चारचौघं येतील. तो दुसराच लाव." म्हणून हार साफ फोटोला घातला. आलेल्या बायका म्हणाल्या, किती देखणा होता गं. माय हो म्हणाली. मला उठून बाहेर जावंसं वाटलं, पण माणसांना चहा द्यायचा होता.

सुदाम महिन्याभरानं आला. दाढी वाढलेली, अंगावर दुसऱ्याचा सदरा. ओट्यावर बसला नाही, उभ्यानंच मायला म्हणाला, "काकू, मी संगं व्हतो." मग त्यानं सांगितलं. पाळी सुटल्यावर दोघं नेहमीसारखे एका सायकलवर निघाले. उस्मानपुऱ्याच्या अलीकडं रस्त्यावर माणसं उभी होती, हातात काठ्या आणि दगड. सायकल थांबवली आणि नावं विचारली. दादानं आधी आपलं नाव सांगितलं, मग म्हणाला, हा माझा मामेभाऊ, खुलताबादचा, आमच्यातलाच. लोक सोडणार होते. तेवढ्यात त्यांच्यातल्या एकानं सुदामला ओळखलं. दादानं सायकल आडवी घातली आणि त्याला म्हणाला, पळ. "मी पळालो, काकू," सुदाम म्हणाला. "मागं बघितलं नाय."

माय खांबाला धरून बसली होती. म्हणाली, "सांगायला तरी यायचं व्हतं रं. तू आला असतास तर आम्ही धुंडलं असतं तिकडंच." तो म्हणाला, त्या संध्याकाळी शेताशेतानं तो गावाकडं निघाला, कारण वस्ती पेटवल्याचं वाटेत कळलं होतं. गावात घर नव्हतं, नुसत्या भिंती होत्या. त्याची माय कुठं गेली ते कोणाला माहीत नव्हतं. तो तिला गावोगाव शोधत हिंडत होता, पंधरा दिवस. आमच्याकडं फोटो तरी होता, त्याच्याकडं तोही नव्हता. तोंडानं सांगत होता, अशी अशी बाई, डाव्या हाताचं एक बोट वाकडं, वरचे दोन दात पडलेले.

मायनं मान वर केली. "घावली का?"

"घावली," तो म्हणाला. "एका मळ्यात व्हती. बोटावरनं सांगितलं लोकांनी."

माय म्हणाली, बरं झालं. तो गेला. परत आमच्याकडं आला नाही. त्यानं कारखाना सोडला, पुढं नाशकाकडं कुठंतरी लागला, लग्न झालं, पोरं झाली, असं कानावर आलं. बा त्यानंतर सहा वर्षं जगला. माय एकवीस वर्षं जगली. सुदामची आईही बरीच वर्षं जगली म्हणे, मुलाजवळच. सुदाम अजून आहे. मी आहे.